कागद झाला का?

तिरोड्यात घर विकत घ्यायला किती वेळ लागतो, असं एखाद्या दस्तलेखकाला विचारलं तर तो सांगेल, अर्धा दिवस. मुद्रांक शुल्काचं चलन भरलेलं असावं, दस्ताची माहिती आधीच संगणकावर चढवलेली असावी, ओळख पटवणारे दोन साक्षीदार सोबत असावेत आणि सर्व्हर चालू असावा. एवढं जमलं तर सकाळी आलेली माणसं जेवायच्या वेळेपर्यंत रजिस्ट्री लावून मोकळी होतात.

दुय्यम निबंधक कार्यालयातली ती वेळ जवळून बघण्यासारखी असते. देणारा आणि घेणारा एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसतात. फोटो निघतो, मग यंत्रावर अंगठा. रोवणीच्या चिखलात आणि विडीच्या पानांत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र अंगठा घेत नाही. म्हातारी पदराला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते. तरी घेत नाही. मग दुसरं बोट, मग दुसरा हात. मागे रांगेतली माणसं काही न बोलता थांबतात, कारण त्यांच्याबरोबरही अशीच एक म्हातारी आलेली असते. शेवटी कधीतरी पडद्यावर हिरवी खूण येते आणि विक्रीपत्र पूर्ण होतं. त्या विक्रीपत्रात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्याची बाडी, उत्तरेस देणाऱ्याचंच उरलेलं घर, दक्षिणेस नाली. चार ओळींत अख्खी जागा.

बाहेर पेढे वाटले जातात. गावी पोहोचल्यावर वाटेत भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "का जी भाऊ, कागद झाला का?" आणि भाऊ म्हणतो, "झाला जी."

मात्र तो अर्धा दिवस उगवायला किती वर्षं गेली, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. दिवाळीत घराला चुना लावताना, नवीन स्लॅबच्या घरात पहिली पणती लावताना त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. या लेखात तो मांडायचा आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटच्या किमती आणि रखडलेले बिल्डर यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. वैनगंगेच्या या काठावर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध वसलेल्या एका तालुक्याच्या गावात घर होण्याची वाट वेगळी आहे आणि तिच्यावर फारसं कोणी थांबलेलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. इथे पैसा जमवायला वेळ लागतो, भिंती उभ्या करायलाही लागतो, पण सर्वांत जास्त वेळ जातो तो जमीन कोणाची हे ठरण्यात. आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे, त्याला सर्वांत जास्त थांबावं लागतं.

*

आधी जमिनीची गोष्ट. तिरोडा १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्ह्यात आला, त्याआधी तो भंडारा जिल्ह्यात होता. त्याच्याही मागे गेलं तर हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, १९५० पासून मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. इथलं एखादं जुनं कवेलूचं घर जागचं न हलता चार राज्यांच्या दप्तरांतून गेलं. म्हणून आमच्या कागदांत आजही मौजा असतो, पटवारी हलका असतो, आबादी असते, निस्तार असतो. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या माणसाला हे कागद वाचायला थोडा वेळ लागतो.

मध्य प्रांतातल्या मालगुजारी पद्धतीत गाव मालगुजाराचं असे. शेतं, तलाव, पडीत, झुडपं आणि ज्या आबादीत लोकांनी मातीच्या भिंती उभ्या केल्या ती जागासुद्धा. इथले शेकडो माजी मालगुजारी तलाव ही त्या काळाची चांगली खूण आहे. कागदपत्रांचा गुंता ही दुसरी. मध्य प्रदेशने १९५० साली मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. जमीन सरकारात जमा झाली, कसणाऱ्यांना त्यांची शेतं मिळाली, राहणाऱ्यांना घराची जागा. ते मिळणं कायद्याने झालं, पण आबादीतलं प्रत्येक घर वेगळं मोजून त्याच्या नावाने नकाशा काढावा, हे काम कोणी केलं नाही. इंग्रजांच्या बंदोबस्तातही शेतजमीन मोजली गेली होती, कारण सारा शेतीवर होता. वस्तीचा भाग नकाशावर एकच मोठा ठिपका राहिला.

त्यामुळे खेड्यातल्या घराला पुरावा उरला तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा. ती कर आकारणीची नोंद. घरटॅक्स कोण भरतो हे ती सांगते, जागेचा मालक कोण हे ती सिद्ध करत नाही. चार पिढ्या एका घरात राहिलेल्या माणसाने तो उतारा बँकेत नेला की बँकेचा माणूस मान हलवतो. कर्ज नाही. विकायचं म्हटलं तर घेणारा बिचकतो. घर आहे, पण त्याच्यावर उभं राहून पुढचं घर घेता येत नाही.

ही चूक दुरुस्त करायला २०२० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी २४ एप्रिलला केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणं मोजायची आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची. याचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता, म्हणजे ही कल्पना महाराष्ट्राच्याच मातीतली. मला या योजनेबद्दल मनापासून आदर आहे. १९५१ पासून २०२० पर्यंत एकोणसत्तर वर्षं झाली. तेवढ्या काळात जे लोक मेले, ते स्वतःच्या घरात राहूनही कागदावर त्याचे मालक न होताच गेले.

*

यापुढचा अडथळा घरातलाच, आणि तो सर्वांत अवघड.

आजोबांच्या नावावर घर. आजोबा गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे मिळालेला हक्क तीन महिन्यांत पटवाऱ्याला कळवायचा असतो. पण घरात सुतक असतं, तेरवी असते, मग रोवणी येते, मग कापणी. कोणालाच घर विकायचं नसतं, म्हणून कोणी वारस फेरफार करत नाही. दहा वर्षांनी वडील जातात. आता आजोबांची तीन मुलं, दोन मुली आणि त्यांची मुलं मिळून वारस बारा-चौदा. कोणी नागपूरला, कोणी रायपूर-भिलाईला, कोणी हैदराबादला कामावर. एकाचा पत्ता नाही, एक अजून अज्ञान, एक रुसलेला. मग कधीतरी गावातल्या एका भावाला ते घर विकून तिरोड्यात प्लॉट घ्यायचा असतो आणि तेव्हा कळतं की आजोबांच्या नावाखाली सगळे अजून एकत्रच आहेत.

इथून जी वर्षं जातात ती फक्त सरकारी नव्हेत. मृत्यूचे दाखले काढायचे. जुन्या माणसांचा दाखलाच नसतो, मग न्यायालयात जाऊन मृत्यूनोंदीचा आदेश आणायचा. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहायची. नावात फरक निघतो. एका कागदावर 'सुकराम', दुसऱ्यावर 'शुक्रराम'. त्यासाठी आणखी एक प्रतिज्ञापत्र. फेरफाराची नोंद पडली की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि चौदाव्या दिवशी रुसलेला भाऊ हरकत घेतो. मग सुनावणी. विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही वेगळी असते. तीत एकदा नाव चढलं की तारखांमागून तारखा.

आणि बहिणींच्या सह्या. याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपता संपता मंडई भरते, रात्री नाटकं लागतात आणि सासरी गेलेल्या मुली भाऊबीज करून मंडईपर्यंत माहेरी थांबतात. वर्षभरात सगळी भावंडं एका छपराखाली असण्याचे हे एवढेच दिवस. म्हणून हक्कसोडीची गोष्टही नेमकी याच दिवसांत निघते. ओवाळणीच्या ताटात साडी ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणतो, "ताई, एक सही दे, घराचं काम अडून आहे." ताई जाते आणि सही देते. कायद्याने घरातल्यांच्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र ठेवलं, त्यामुळे तिच्या हिश्शाची किंमत कागदावर पाचशे रुपयांच्या मुद्रांकाएवढी दिसते.

माझ्या आईनेही अशीच सही केली होती. तिला कोणी फसवलं नाही. तिला कोणी विचारलंही नाही.

९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच मुलाइतकी वाटेकरी झाली. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हापासून वकील बहिणींच्या सह्यांशिवाय शोध अहवाल स्वच्छ देत नाहीत आणि गावात कुरकुर ऐकू येते की बहिणींमुळे सौदे लांबतात. मला ही कुरकुर मान्य नाही. बहिणीचा हिस्सा ठरवायला दोन वर्षं लागत असतील तर ती लागू द्यावीत. त्या दोन वर्षांना उशीर म्हणणं म्हणजे आधीची पन्नास वर्षं तिच्या वाट्याची जमीन वापरली हे विसरणं. हक्काचे पैसे घेऊन किंवा मनापासून सोडून दिलेली सही आणि भाऊबीजेच्या ताटावर मागितलेली सही, यांत फरक आहे. आता काही घरांत सौद्याच्या रकमेतून बहिणींचे धनादेश आधी लिहिले जातात. ते बघून फार बरं वाटतं.

*

गावातलं घर विकलं किंवा ठेवलं, तरी तरुण माणसाला प्लॉट हवा असतो तो तिरोड्यात. शाळा, दवाखाना, हावडा-मुंबई मार्गावरचं स्टेशन, बाजार सगळं इथे. त्यात औद्योगिक क्षेत्रात अदानी पॉवरचा ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आला. ६६० मेगावॉटचे पाच संच २०१२ ते २०१४ या काळात एकामागून एक सुरू झाले. बाहेरून इंजिनीअर आले, कंत्राटी कामगार आले, वाळू-गिट्टीचे ट्रक आले. ज्यांच्याकडे दोन खोल्या होत्या त्यांनी एक किरायाने दिली. ज्यांच्याकडे रस्त्याला लागून बांधी होती त्यांनी प्लॉट पाडले.

प्लॉट पाडणं हा शब्द इथे सगळ्यांना कळतो. चुन्याच्या रेघा मारायच्या, सिमेंटचे छोटे खांब रोवायचे, मधून मुरमाचा रस्ता टाकायचा आणि दीड हजार चौरस फुटांचे तुकडे विकायचे. ज्याने रीतसर अकृषिक परवानगी घेतली आणि नगररचना विभागाकडून ले-आउट मंजूर करून आणला, त्याच्याकडचा प्लॉट महाग, पण रजिस्ट्री लगेच लागते. ज्याने काहीच केलं नाही, त्याच्याकडचा स्वस्त. त्याचा कागद म्हणजे नोटरीपुढे केलेला करारनामा. मुलाच्या शिक्षणाचा खर्च डोक्यावर असलेला माणूस स्वस्ताकडे वळतो. त्याला दोष देण्याचं धैर्य मला होत नाही.

या तुकड्यांचं नशीब ज्या कायद्यात अडकलं आहे, तो १९४७ चा, तुकडेबंदीचा. शेतीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला तो कायदा घराच्या वाटेत येऊन बसला. जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ही प्रमाणभूत मर्यादा शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवली. दीड हजार चौरस फूट म्हणजे दीड गुंठासुद्धा होत नाही. त्याआधीच, जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून अशा लहान तुकड्यांचे दस्त नोंदवणं थांबवलं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी १ जानेवारी २०२५ पर्यंत नागरी भागात पडलेले असे तुकडे मोकळे करण्याची घोषणा केली. या चार वर्षांत नोटरीवर प्लॉट घेतलेला माणूस काय करत होता? तो किरायाच्या खोलीत राहून प्लॉटवरचं गवत काढत होता. पैसे देऊन झाले होते. काहींनी टिनाची एक खोली टाकली होती, कारण रिकामी जागा दुसऱ्यालाच विकली जाण्याची भीती असते.

आणखी दोन गोष्टी घेणाऱ्याने आधी बघायला हव्यात, कारण त्या बघितल्या नाहीत तर आयुष्य जातं. सातबारावर भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. आणि मूळ खातेदार आदिवासी असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे बिगर आदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. हे कलम असायलाच हवं. गोंड कुटुंबांच्या जमिनी कवडीमोलाने कशा गेल्या, हे या जिल्ह्याला कोणी वेगळं सांगायला नको. पण दलाल हे सांगत नाही आणि दहा वर्षांनी घर बांधून झाल्यावर नोटीस येते.

मोजणीचंही असंच. भूमी अभिलेख कार्यालयात साधी, तातडीची, अतितातडीची असे प्रकार होते आणि साध्या मोजणीची मुदत सहा महिन्यांची होती. ज्याच्याकडे पैसे त्याची मोजणी आधी. डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवले. कौटुंबिक वाटणीतल्या पोटहिश्शाची मोजणी २०० रुपयांत करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. तो चांगला आहे, कारण बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात.

आता पैशाची गोष्ट. पगारदाराला निदान बँक आहे. शाळेतला शिक्षक वीस लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतो, तेव्हा महिन्याला अठरा हजारांच्या आसपास हप्ता बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले पंधरा हजार व्याजात जातात, मुद्दल फिटतं तीन हजार. वीस वर्षांत तो त्रेचाळीस लाखांहून जास्त भरतो. चाळिशीत घेतलेलं कर्ज निवृत्तीनंतरच संपतं. हप्त्यांचं वेळापत्रक त्याला आधीच छापून मिळतं, ही त्याच्या बाजूची सोय. कास्तकाराला असं वेळापत्रक कोणी देत नाही.

*

कास्तकाराचं घर धानाच्या तालावर चालतं. मृगात पऱ्हे, आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीला हलका धान, पुढे भारी धान. मग आधारभूत केंद्रावर नेलेला माल, ऑनलाइन नोंदणी आणि चुकाऱ्याची वाट. चुकारा जमा होईपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. त्यानंतर उन्हाळा, म्हणजे बांधकामाचे चार महिने. १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत नदीतून वाळू काढायला बंदी, आणि तोवर पाऊस सुरू झालेलाच असतो. म्हणून इथलं शेतकऱ्याचं घर एका दमात होत नाही. एका उन्हाळ्यात जोता, दुसऱ्या उन्हाळ्यात लिंटेलपर्यंत भिंती, तिसऱ्यात स्लॅब. मधल्या पावसाळ्यांत उघड्या लोखंडी सळया गंजू नयेत म्हणून त्यांवर सिमेंटचं पाणी मारलेलं दिसतं. ज्या वर्षी तुडतुडा पडला किंवा मुलीचं लग्न निघालं, ते वर्ष घराच्या हिशोबातून जातं.

आकडे मांडून बघू. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. चौरस फुटाला दीड हजार रुपये धरले, तरी चार लाख तीन हजार रुपये लागतात. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने २८ हजार. शौचालयाचे १२ हजार. सपाट भागातला दर धरला तर बांधकामासाठी हातात येतात १ लाख ९५ हजार. वरचे दोन लाख आठ हजार घरच्यांनी उभे करायचे. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये, म्हणजे ते ८८ क्विंटल धान झालं. एकरी १६ क्विंटल धरले तर अडीच एकरवाल्याचं दोन वर्षांहून जास्त पीक, एक दाणा न खाता आणि खताचा एक रुपया न देता. हेक्टरी २० हजारांचा बोनस सरकारने त्याआधीच्या हंगामांत दिला, त्याने थोडा हातभार लागला. तरी साधं दोन खोल्यांचं घर ही कास्तकारासाठी पाच-सात वर्षांची गोष्ट आहे, आणि शेतमजुरासाठी त्याहून कितीतरी जास्त.

पाच ब्रास वाळू घरकुलाला मोफत, असं धोरण आहे. वैनगंगा इथून जवळच. वाळू मोफत असली तरी घरापर्यंत आणायचा ट्रॅक्टर मोफत नसतो आणि घाट वेळेवर सुरू झाला नाही तर दोन हप्त्यांमधलं अंतर वाढतं. जोता झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि हप्त्याशिवाय पुढचं सामान नाही. अधूनमधून पंचायत समितीचा अभियंता मोबाईल घेऊन येतो, अर्धवट भिंतीचा जिओ टॅग फोटो काढतो. त्या फोटोत घरधनी आपल्या भिंतीशेजारी सरळ उभा राहतो, शर्टाची वरची गुंडी लावून.

पण हे सगळं यादीत नाव लागल्यावर. त्याआधीची वाट मोठी आहे. पहिली यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवर बेतलेली. योजना आली नोव्हेंबर २०१६ मध्ये. गणना करणारा आला त्या दिवशी जो कामावर बाहेरगावी होता, तो सुटला. मग २०१८ मध्ये आवास प्लस सर्वेक्षण झालं, त्यातून प्रपत्र ड ही यादी निघाली. गावात कोणालाही विचारा, "ड यादीत नाव आहे जी" हे वाक्य ऐकू येईल. सात वर्षं ते वाक्य तसंच चाललं. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात राज्यातल्या वीस लाख घरकुलांच्या मंजुरीचा कार्यक्रम झाला, तेव्हा पुष्कळांचा नंबर लागला. आनंद मोठा होता. २०१८ साली सर्वेक्षणाच्या फोटोत ज्या घराच्या दारात म्हातारा बसलेला होता, त्यातल्या काही घरांत मंजुरीचं पत्र त्याच्या मुलाने घेतलं. दरम्यान रमाई, शबरी आणि २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या योजनांतून काहींची घरं झाली. पोवार, कलार, लोधी, कुणबी अशा ओबीसी वस्तीच्या आमच्या तालुक्यात मोदी आवास योजनेची गरज खरी होती.

घरकुल मंजूर झालं तरी जागा स्वतःची लागते. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिच्यात जागा विकत घ्यायला पूर्वी ५० हजारांपर्यंत मिळत, आता १ लाखापर्यंत. घर घेण्याआधी घराची जागा घेण्यासाठी सरकारने पैसे द्यावेत, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. अडचण अशी की गावात आबादी भरून गेली आहे, लागून असलेली बांधी कोणी पाचशे चौरस फुटांत विकत नाही, आणि जी रिकामी दिसते तिच्या कागदावर भलतंच काही लिहिलेलं असतं.

*

ते भलतंच म्हणजे झुडपी जंगल.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळापासून गावाशेजारच्या पडीत, झुडपांच्या जमिनी अशा नावाने नोंदल्या होत्या. गुरं चारायला, सरपण आणायला, निस्तारासाठी त्या ठेवलेल्या. जंगल म्हणावं अशी झाडं त्यांतल्या पुष्कळ जमिनींवर कधीच नव्हती. गाव वाढलं तसं सरकारनेच त्या जमिनींवर शाळा बांधल्या, कार्यालयं बांधली, भूमिहीनांना पट्टे दिले. लोकांनी घरं बांधली. मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोंदीत जंगल म्हणून लिहिलेली प्रत्येक जमीन वनच. कागदावरच्या 'जंगल' या एका शब्दाने घरं अडकली. त्या घराला कर्ज मिळेना, ते विकता येईना, घरकुलाचा अर्ज नामंजूर होऊ लागला. पट्ट्याचा कागद दाखवला की उत्तर ठरलेलं, जमीन वनाची आहे.

८६ हजारांहून जास्त हेक्टर झुडपी जमिनीचा हा प्रश्न २२ मे २०२५ रोजी सुटायला लागला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह यांच्या पीठाने निकाल दिला. गवई मूळचे अमरावतीचे, विदर्भातले. झुडपी जमीन वनच मानायची, हे न्यायालयाने कायम ठेवलं. पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या आणि ज्यांचं वर्गीकरण बदललं नाही अशा जमिनींना अपवाद म्हणून वनाच्या यादीतून काढण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा, त्यासाठी पर्यायी वनीकरण किंवा निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम मागू नये, असा मार्ग दिला. वनाची बाजू राखून माणसांची घरंही वाचवली, म्हणून मी या निकालाला न्याय मानतो. आता प्रत्येक जिल्ह्यात जुने आदेश, पट्टे, नोंदी शोधून प्रस्ताव तयार करायचे आहेत. ज्याच्या पेटीत १९८७ चा पट्ट्याचा मूळ कागद जपून ठेवला आहे त्याचं काम आधी होईल. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला किंवा छप्पर गळून भिजला, त्याला तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या रजिस्टरांवर विसंबून राहावं लागेल.

मुदतीचं म्हणाल तर राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. उताऱ्याला, दाखल्यांना त्यात मुदत आहे, मुदत मोडली तर अपील आहे. खरेदी करणाऱ्यालाही नोंदणी कायद्याने मुदत दिलेली आहे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करा, नाहीतर दंड. माझी मागणी एवढीच की झुडपीच्या प्रस्तावाला आणि ड यादीतल्या नंबरालाही तशीच तारीख असावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेली असावी. गावाने ग्रामसभेत ती मागावी. येत्या ग्रामसभांत हा ठराव घेता येतो.

१२ डिसेंबर १९९६ नंतर ज्यांना पट्टे मिळाले, त्यांचं काय? निकालात त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. १९९६ चा आदेश असतानाही जमीन का दिली याची कारणं राज्याने द्यायची, ज्या अधिकाऱ्यांनी ती दिली त्यांची नावं द्यायची, आणि त्यांच्यावर कारवाई होत असल्याची खात्री झाल्यावरच केंद्राने प्रस्ताव बघायचा. १९९८ किंवा २००३ साली सरकारी शिक्क्याचा कागद घेऊन, त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून ज्या शेतमजूर बाईने दोन खोल्या बांधल्या, तिचं घर आता एका अधिकाऱ्याच्या चौकशीला बांधलेलं आहे. तो अधिकारी कदाचित निवृत्त झालेला असेल. तिच्या घराच्या चतुःसीमेत पूर्वेला शाळा आहे, पश्चिमेला अंगणवाडी, उत्तरेला पाण्याची टाकी. तीनही सरकारनेच बांधलेल्या, त्याच झुडपी जमिनीवर.